अर्धवट चित्राला ‘झालं’ म्हणणारी ओळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही.

मी हिंगोलीत घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करतो. पडद्यावरची चित्रं तयार करणाऱ्या चिपचा ड्रायव्हर, म्हणजे तिला चालवणारा प्रोग्राम, लिहितो. चिपला काम द्यायचं. चित्र पूर्ण झालं की ती ‘झालं’ असा सिग्नल देते. मगच चित्र पडद्यावर जातं. त्या एका ‘झालं’वर पुढचे सगळे विसंबून असतात.

आमच्या चिपचा सिग्नल कधीकधी यायचाच नाही. पडदा गोठायचा. कारण मला सापडेना, मुदत संपत आलेली. मग मी — कसं सांगू — एक ओळ लिहिली. थोडं थांबायचं, आणि सिग्नल आला नाही तर आपणच ‘झालं’ म्हणून टाकायचं. पडदा गोठायचा थांबला. साहेबांनी कौतुक केलं. मी ते ऐकून घेतलं.

पुढं आमची चिप बसवलेल्या, दवाखान्यांतल्या मशीनवर अर्धवट चित्रं दिसू लागली. तयार चित्र पडद्यावर नेण्याचा भाग वैशालीचा. ती आमच्याच जिल्ह्यातल्या डोंगरकडा गावची, कॉलेजात माझ्या वर्गात. ही नोकरी मला तिनंच सुचवलेली. तिनं फोन केला. “काम झाल्यावरच सिग्नल देऊन राहिला ना तू?”

“व्हय,” मी म्हणालो.

तिनं विश्वास ठेवला. का ठेवू नये? ती आपल्याच भागात चूक शोधत बसली, आणि साहेबांनी एका बैठकीत तिला कामावरून काढलं. त्या बैठकीत मी होतो — माईक बंद करून.

ओळ काढून टाक, असं तुम्ही म्हणाल. काढली तर पडदे पुन्हा गोठतील, आणि विचारतील — ही कुणी घातली? म्हणून प्रत्येक नव्या आवृत्तीत मीच ती पुढं नेतो. अर्धवट चित्रं अजून दिसतात. कंपनीत त्याला वैशालीच्या वेळचा दोष म्हणतात. मीही म्हणतो.

मध्यंतरी ती हिंगोलीच्या बसस्टँडवर भेटली. गावात कॉम्प्युटर शिकवते आता. “काहून इतका वाळला?” तिनं विचारलं. मग म्हणाली, “माझी चूक मला शेवटपर्यंत घावली न्हाई बघ. पोरायला सांगत असते, आधी सोताचं तपासा.”

तिची एसटी लागायला वेळ होता. बोलता आलं असतं. मी तिला चहा पाजला.

तिची चूक नव्हतीच. ओळ मी लिहिली होती, आणि ‘व्हय’ मी म्हणालो होतो.