अकरा ठिपक्यांचा कडा

कुठलीही वस्तू समोर आली की ती आधी बोटाच्या पेराने त्यावर टकटक करायची आणि मान वाकडी करून ऐकायची. मडकं असो, टरबूज असो, नाहीतर माझ्या नव्याकोऱ्या मोटारसायकलची टाकी असो. टकटक झाली, कान दिला, की निकाल. "मडकं बरं हाय." "टरबूज अजून दोन दिस राहू द्या." माझ्या टाकीवर टकटक करून ती म्हणाली, "गुरुजी, रिकामी होऊन राहिली." मी हसलो. औंढ्याच्या अलीकडे दोन कोसांवर गाडी बंद पडली, तेव्हा भर उन्हात ती ढकलताना मला हसू काही आलं नाही.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शाळेचं तोंड न पाहिलेली, पण आपल्यासारख्या शिकलेल्यांना रोज एक धडा देणारी.

नव्वद सालानंतरचे ते दिवस. आमचा जिल्हा तेव्हा परभणी होता, हिंगोली पुढे झाली. औंढा नागनाथच्या मागच्या डोंगरात बंजाऱ्यांचा एक तांडा होता, आणि तिथल्या दोन खोल्यांच्या शाळेत मी मास्तर होतो. शाळेच्या ओट्यासमोरच उभा होता काळ्या दगडाचा कडा. तांड्यावर तिला सगळे याडी म्हणत. याडी म्हणजे त्यांच्या बोलीत आई. मीही याडीच म्हणू लागलो. खरं नाव हजेरीपटावर असतं तर मला माहीत झालं असतं, पण ती हजेरीपटाच्या बाहेरची होती.

पहिल्याच आठवड्यात ती शाळेत आली, भिंतीभोवती टकटक करत फिरली आणि खिडकीजवळ थांबली. "हितं लेकरं बसवू नका." मी विचारलं, "काहून?" तिने पुन्हा एकदा टकटक केली. "भद्द बोलून राहिली. ऐका की." मला काही ऐकू आलं नाही, पण नवीन गावात उगाच वाद नको म्हणून पोरं पुढे सरकवली. पंधरा दिवसांनी मधल्या सुट्टीत तिथला गिलावा पाटीएवढा सुटून खाली आला. त्यानंतर ती शाळेत आली की मी खडू खाली ठेवायचो.

याडीचं खरं काम मात्र कड्यावर होतं. कड्याच्या मध्यावर एक अरुंद कट्टा आहे. उन्हाळ्यातही तिथे हिरवं असतं, आणि शेळीला हिरवं दिसलं की शेळी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ती बाजूच्या घळीतून उड्या मारत कट्ट्यावर जाते, चरते, आणि मग परत फिरायला जागा नाही हे तिला कळतं. वरून दोर सोडावा तर कड्याचं कपाळ पुढे आलेलं. खालून चढायला कड्यातून बाहेर आलेले अकरा दगड. त्या अकरा दगडांवर हात-पाय ठेवत याडी चढायची, पाठीवर दोराचं वेटोळं घेऊन. वर गेली की शेळीला पोत्यात बांधून खाली सोडायची, मग स्वतः उतरायची. डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवरून लोक तिला बोलवायला येत. एकदा तर थेट डोंगरकडा गावाहून माणूस आला होता. घ्यायची काय, तर गुळाचा खडा, आणि तोही पोरांत वाटून मोकळी व्हायची.

चढतानाही तेच. प्रत्येक दगडावर आधी टकटक, मग कान, मगच हात. "दगडाला आधी विचारावं, गुरुजी. तो खोटं बोलत न्हाई."

ती कड्यावर असली की खाली तांडा एकदम गप्प व्हायचा. रडणाऱ्या लेकराला आई घरात न्यायची. भुंकणारं कुत्रं कुणीतरी पोटाशी धरायचं. हा नियम मला कुणी सांगितला नव्हता. सांगायचं काय त्यात? विहिरीत थुंकू नये हे तरी आपण पाहुण्याला कुठे सांगतो?

आणि तिथेच माझ्या हातून घात झाला.

पहिल्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक पाट, म्हणजे तरणी शेळी, चुकून कट्ट्यावर गेली. याडी चढत होती. मी शाळेच्या ओट्यावर उभा होतो आणि माझा जीव नुसता वरखाली होत होता. ती सहाव्या दगडापाशी पोहोचली, तिने टकटक केली, मान वाकडी केली, आणि नेमका त्याच क्षणी मी ओरडलो, "सांभाळून!"

मास्तराचा आवाज! चाळीस पोरांना एका दमात गप्प करणारा. कड्यावर आपटून तो दुप्पट होऊन परत आला. तिने दगडावर हात टाकला. दगड सुटला, आणि दगडासकट ती खाली आली.

उजवं मनगट मोडलं. हिंगोलीच्या दवाखान्यात प्लास्टर झालं. मी भेटायला गेलो, तर ती खाटेवर बसून प्लास्टरवर टकटक करत होती. "पोकळ हाय," म्हणाली. मी मान खाली घालून म्हणालो, "याडी, माझ्यामुळं झालं हे. मी ओरडलो नसतो तर..." तिने मला पुढे बोलूच दिलं नाही. "पाय घसरला, गुरुजी. किती डाव सांगू?" बाजूला तिचा मुलगा उभा होता. आई कशी पडली, हे त्याला तिने कधीच सांगितलं नाही. तांड्यालाही नाही. ज्यांनी माझी आरोळी ऐकली होती, तेही तिच्याकडे बघून गप्प राहिले. एखाद्याने माझी कानशिलं शेकली असती तर मला बरं वाटलं असतं.

मुलाने तिला आण घातली, "पुन्हा कड्याकडं बघायचं न्हाई." तिने मान डोलावली. हात जुळला, पण मुठीत जोर राहिला नाही. खरी तकलीफ वेगळीच होती. "हात विसरून राहिला, गुरुजी," ती एकदा म्हणाली. "पाचवा कुठं, सातवा कुठं, आदी डोळं मिटलं तरी दिसायचं. आता न्हाई दिसत." दोन वर्षं ती चढली नाही. दुसऱ्याच वर्षी तिकडच्या डोंगरातून बोलावणी येईनाशी झाली. आणि ती मडक्यांवर, टरबुजांवर टकटक करेनाशी झाली. ते मला सर्वांत जास्त लागलं. मी रोज सकाळी त्या कड्यासमोर प्रार्थना म्हणून घ्यायचो, पण माझी नजर वर जात नसे.

तिसऱ्या वर्षी महाशिवरात्रीला ती औंढ्याच्या जत्रेला गेली आणि डावा हात गोंदवून आली. तांड्यावर गोंदणाचं नवल नाही. म्हाताऱ्या बायांचे हात कोपरापर्यंत हिरवे असतात. मेल्यावर सोबत येतं ते फक्त गोंदण, असं त्या मानतात. पण याडीच्या हातावर ना फूल, ना नाव, ना देव. मनगटापासून कोपराच्या खोबणीपर्यंत अकरा ठिपके, तेही सरळ रेषेत नाहीत, थोडे इकडे, थोडे तिकडे.

"हे काय गं याडी? मुंग्या गोंदवल्या का?" शाळेच्या दारात जमलेल्या बाया हसल्या.

तिने हात माझ्यापुढे धरला आणि उजव्या बोटाने ठिपक्याठिपक्यावर टकटक करत वर नेलं. दोन वर्षांनी ती टकटक मी पाहत होतो. "गोंदणारनीजवळ डोळं मिटून बसले. सुई टोचली की एकेक दगड आठवत गेला. कडाच हातावर आणला बघा. आता बसल्या बसल्या चढते."

 मी फळ्याकडे वळलो आणि पुसलेला फळा पुन्हा पुसला.

गोंदणारणीने पथ्य सांगितलं होतं. सात दिवस पाणी नाही, घाम नाही, ऊन नाही, खाजवायचं नाही, हाताला काम नाही. "हाताला काम न्हाई म्हणजे काय? चूल काय ती येऊन पेटवून राहिली?" असं म्हणत याडी वसमतची हळद एरंडेलात कालवून हाताला फासायची आणि पिवळा हात पदराखाली झाकून सगळी कामं करायची.

चौथ्या दिवशी तिच्या सुनेची शेळी कट्ट्यावर अडकली.

आता बघा, तांड्यातली धडधाकट माणसं ऊसतोडीला गेलेली. याडीचा मुलगाही वसमतकडे कारखान्याच्या फडात. सून मागे राहिली होती, कारण तिचं लेकरू जेमतेम दोन महिन्यांचं. सुनेला दूध कमी होतं, लेकरू त्या शेळीच्याच दुधावर होतं. रात्रभर शेळी वर ओरडत होती, पाचव्या दिवशी सकाळी तिचा आवाज बसला. खाली लेकराचा आवाज मात्र चढत होता. दुसरी शेळी आणा, चमच्याने साखरपाणी पाजा, असं सगळं झालं, पण लेकरू तोंड लावेना. सून कड्याखाली उभी राहून नुसती वर बघत होती. सासूला चढ म्हणायची तिची हिंमत नव्हती. तिनेच नवऱ्याच्या आणेला साक्ष म्हणून मान हलवली होती.

याडीने दोर पाठीला बांधला. हळदीचा हात पदराला पुसला. गोंदणावर खपली धरली होती, भोवती लाल सूज होती.

"याडी, हात कच्चा हाय," सून म्हणाली.

"दगड पक्का हाय की," याडी म्हणाली.

मग तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, लोभाने नाही, आपण गाडीवर बसण्यापूर्वी किल्ली चाचपतो तसं. मी शाळेतल्या चाळीस पोरांना ओट्यावर ओळीने बसवलं, ओठांवर बोट ठेवायला लावलं. आणि स्वतःचा रुमाल दातांत धरला. हसा खुशाल. माझा माझ्या आवाजावर भरवसा नव्हता.

टक टक. एक. टक टक. दोन. तांड्यात इतकी शांतता होती की पेराचा आवाज खालपर्यंत येत होता. तीन, चार, पाच. पाचव्यावर ती थांबली, डाव्या हाताकडे एकदा पाहिलं. सहावा ठिपका होता, पण सहावा दगड नव्हता. तो दोन वर्षांपूर्वी तिच्यासोबत खाली आला होता. कड्यात त्याची खोबण तेवढी उरली होती. हात सवयीने तिथे गेला आणि रिकामा फिरला. तिचा पाय लटपटला. माझ्या रुमालातून धागा तुटल्याचा आवाज मला आला.

तिने खोबणीच्या कडेला टकटक केली. ऐकलं. दुसऱ्या कडेला केली. पुन्हा ऐकलं. किती वेळ गेला कोण जाणे. मग डावा हात कोपरापर्यंत त्या खोबणीत घातला, मूठ आवळून तो आत अडकवला आणि सगळा भार त्या ओल्या गोंदणावर घेऊन ती वर सरकली. दुखलं असणार, मरणाचं दुखलं असणार. पण तिने आवाज काढला नाही. सात, आठ. मग अकरा.

शेळी पोत्यातून खाली आली आणि सुनेने तिला मिठी मारली. याडीने उतरून जमिनीला पाय लावला, तेव्हा कुठे कुणीतरी खोकलं, आणि एकदम सगळा तांडा बोलू लागला. मी रुमाल काढून धावलो. तिच्या हातावरून रक्त आणि हळद दोन्ही ओघळत होतं. मधली खपली कातडीसकट सोलून निघाली होती.

"गुरुजी," ती धापा टाकत म्हणाली, "आज तुमी बराबर शिकवलं."

"मी? याडी, मी तर तोंडसुद्धा उघडलं नाही."

"तेच म्हणते मी."

आणि मी त्या चाळीस पोरांदेखत रडलो. दोन वर्षांचं साठलेलं होतं, ते काय ओठांवर बोट ठेवून थांबणार होतं?

जखम भरली. बाकीचे ठिपके सुजले, पण टिकले. सहावा मात्र गेला. पाचव्या आणि सातव्याच्या मध्ये कोरी जागा राहिली. गोंदणारणीकडून पुन्हा भरून घे, असं बाया म्हणाल्या. याडीने ऐकलं नाही. "तिथं दगड न्हाई, तर ठिपका काहून? आता नकाशा बराबर झाला."

ऊसतोडीहून मुलगा आला आणि खवळला. "आण मोडलीस तू! कड्याकडं बघू नको म्हणलं होतं." याडी शांतपणे म्हणाली, "बघितलं कुठं? मी तर नुसतं ऐकलं." त्याला हसावं की भांडावं कळेना. शेवटी तो तिच्या हाताला एरंडेल चोळत बसला.

त्यानंतर ती आणखी आठ-नऊ वर्षं चढली. माझी बदली वसमतला झाली. अधूनमधून तांड्यावर जायचो, माझ्या टाकीवर टकटक करून घ्यायचो. घरून निघताना मुद्दाम पेट्रोल कमी ठेवायचो, खरं सांगतो. तिचा अंदाज चुकतो का बघायला. एकदाही चुकला नाही.

मग एका सकाळी फोन आला. साध्या तापाचं निमित्त झालं होतं.

मी पोहोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. सून उशाशी बसून तिचा डावा हात कुरवाळत होती. दोघींचे हात शेजारी शेजारी होते. मी बघतच राहिलो. सुनेच्या हातावरही तेच ठिपके होते, तसेच इकडे-तिकडे सरकलेले. आणि तिच्याही पाचव्या-सातव्याच्या मध्ये कोरी जागा होती. तिने ती मुद्दाम सोडायला लावली होती.

माझी नजर तिला कळली. डोळे पुसत ती म्हणाली, "त्यांचं त्यांच्यासंगं चाललं, गुरुजी. हे हितलं हितंच."

तिरडी विसाव्याला कड्याखाली टेकवली. बाया आक्रोश करत होत्या. सून गर्दीतून पुढे झाली, पदर खोचला आणि पहिल्या दगडावर पेराने टकटक केली. आक्रोश थांबला, एकाही बाईने हुंदका काढला नाही. कुणीतरी लेकरू पोटाशी धरलं. सून मान वाकडी करून ऐकत राहिली, अगदी तशीच, आणि मग खांदेकऱ्यांना तिने मानेनेच खूण केली.

त्यांनी तिरडी उचलली. वाट उताराची होती, पुढच्याचा पाय जरा सरकला. 'सांभाळून' माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

मी खिशातला रुमाल काढला आणि दातांत धरला.