हातमोजे

"बघ गं, बाळं मस्त वाढलीत आज!" काचपेटीत डोकावत मेधाताई म्हणाल्या. आमच्या प्रयोगशाळेत जंतूंना सगळे लाडानं बाळंच म्हणतात. हे जंतू आतड्यात राहतात, विष सोडतात. उघड्या हवेत वाढत नाहीत, म्हणून ही बंद पेटी. पेटीलाच बसवलेल्या रबरी हातमोज्यांत हात घालून मी जंतूंची बशी फिरवली. फिकट, मऊ कडांचे ठिपके. आम्ही त्यांना ऊब देतो, खाऊ देतो, वारा लागू देत नाही. त्यांचं कुणाशी वैर नाही. ते फक्त जगतात, आणि त्यांच्या जगण्यात कुणीतरी विरघळत जातं.

सकाळी वॉर्डातही मी हातमोजे घालूनच आईचा हात धरला होता. न्यूमोनियाच्या औषधांनी तिच्या पोटातले चांगले जंतू मेले आणि हेच माजले. आता पाण्याचा घोटही पोटात ठरत नाही. "मोजे काढ ना गं," ती म्हणाली. मी काढले नाहीत.

इथं प्रयोगशाळेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

"बारसं करूया का यांचं?" ताई हसल्या.

मी बशी खाली ठेवली.

"ताई, त्यांना बाळं नका म्हणू. माझी आई त्यांच्यामुळेच मरतेय."