स्वतःच्या बळावर

लाँड्रीवाल्याचा टेम्पो धक्क्याशिवाय सुरू होत नसे, आणि धक्का द्यायला रोज त्याचा थोरला भाऊ येई. दोघा भावांचं आपसात बोलणं मात्र बंद होतं. गल्लीला याची इतकी सवय झाली होती की त्यात कुणाला काही वावगं वाटेनासं झालं होतं.

थोरल्याचं चाव्या-कुलपांचं दुकान लाँड्रीला लागूनच होतं. गावातली हट्टी कुलपं त्याच्यासमोर गुमान उघडत, फक्त त्याचं स्वतःचं तोंड तेवढं बंद राही. सकाळी लाँड्रीवाला हॉस्पिटलच्या धुतलेल्या चादरींचे गठ्ठे टेम्पोत चढवी, स्टिअरिंगमागे बसे आणि दार धाडकन आपटे. दाराचा आवाज हाच निरोप. थोरला हातातली कानस खाली ठेवी, बाहेर येई, टेम्पोच्या पाठीला दोन्ही तळवे लावी आणि ढकलू लागे. कोपरा येईस्तोवर इंजिन खाकरून जागं होई, काळ्या धुराचा लोट थोरल्याच्या तोंडावर बसे आणि तो खोकत दुकानात परते. ‘येतो’ नाही, ‘जा’ नाही. टेम्पोला सगळे म्हातारी म्हणत. म्हातारीमुळे दोघे भाऊ दिवसातून एकदा तरी एका दिशेला जोर लावत.

भांडणाचं कारणही म्हातारीच. पूर्वी चाव्यांच्या दुकानात दोघे बसत. धाकट्याने वेगळं व्हायचं ठरवलं, आपला वाटा काढून घेतला, लाँड्री टाकली आणि थोरल्याला न विचारता हा जुना डिझेल टेम्पो आणून दारात उभा केला. थोरल्याने त्याच्याभोवती एक फेरी मारली, एका चाकाला लाथ घातली आणि म्हणाला, “हे धूड तुला रस्त्यात उभं करणार.”

धाकट्याला ते झोंबलं. “करू दे,” तो म्हणाला. “तुझ्या दारात नाही येणार. माझं मी बघेन, स्वतःच्या बळावर!”

पुढच्याच महिन्यात स्टार्टर गेला. गल्लीत हसू पिकलं. लाँड्रीवाला लाजेने स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता, आणि गाडी हलली. त्याने आरशात पाहिलं तर मागे थोरला. तोंड फिरवून, पण तळवे लावून.

स्टार्टर दुरुस्त होण्यासारखा होता. मेकॅनिक दर वेळी विचारी, “बसवून टाकू का नवा?” आणि लाँड्रीवाला दर वेळी म्हणे, “राहू दे, चालतंय की.” मेकॅनिक त्याला चिक्कू समजे. बायकोला खरं कारण माहीत होतं, पण नवऱ्याला आपल्याला ते कळलंय हे कळू न देण्याइतकी ती शहाणी होती. स्टार्टर बसला असता तर थोरला कशासाठी बाहेर आला असता?

असं छान बिघडलेलं चाललं होतं, तेवढ्यात हॉस्पिटलने कळवलं की यापुढे धूर सोडणारी गाडी फाटकातून आत येणार नाही. त्यांचंही चूक नव्हतं. आजाऱ्यांसाठी चादरी पांढऱ्याशुभ्र धुवायच्या आणि त्यांच्याच खिडक्यांखाली इंजिन चालू ठेवून काळा धूर ओकायचा, हे लाँड्रीवाल्यालाही कधीकधी खात असे. पण लाँड्री चालत होती ती हॉस्पिटलवर. ते गेलं की बाकी उरतात ते दोन-चार शर्टवाले, जे इस्त्री करून झाल्यावर शर्ट न्यायलाच विसरतात.

मार्ग बायकोनेच शोधला. जुनी डिझेल गाडी मोडीत काढली की बॅटरीवरच्या नव्या टेम्पोला सरकारी अनुदान मिळत होतं, वर रस्त्याचा करही माफ. अनुदानाशिवाय नव्या टेम्पोचं नाव काढण्यातही अर्थ नव्हता. अट एकच होती. जुनी गाडी भंगार केंद्रावर तपासनिसासमोर चालू करून दाखवायची, नाहीतर लोक कुठला तरी सांगाडा आणून टाकतात आणि अनुदान मागतात.

“एका दिवसापुरता जुना स्टार्टर लावून देतो,” मेकॅनिक म्हणाला. “फुकट. म्हातारीला शेवटची भेट.”

लाँड्रीवाल्याच्या तोंडून सवयीने निघून गेलं, “राहू दे. चालतंय की.”

“अहो, डोकं ठिकाणावर आहे ना?” घरी आल्यावर बायको कडाडली. “तिथे कोण धक्का देणार आहे तुम्हाला?”

“इंजिन बंदच करणार नाही मी,” तो म्हणाला. त्याला आपली युक्ती फार आवडली होती.

ठरल्या सकाळी त्याने रिकाम्या टेम्पोत बसून दार आपटलं. थोरला आला. त्याने ढकललं, इंजिन खाकरलं, धुराचा लोट आला. पण त्या दिवशी थोरला परतला नाही. चालत्या टेम्पोच्या मागच्या फळीवर हात टाकून तो वर चढला आणि रिकाम्या हौद्यात पाय पसरून बसला. लाँड्रीवाल्याने आरशात पाहिलं. थांबवावं तर इंजिन बंद पडायची भीती, बोलावं तर सवय नाही. तो तसाच पुढे गेला.

भंगार केंद्राचं आवार तळहातासारखं सपाट होतं. तपासनीस बाई टेम्पोभोवती फिरल्या, नंबर ताडून पाहिला आणि म्हणाल्या, “बंद करा.”

“चालूच आहे मॅडम. ऐकू येतंय ना?”

“ऐकू येतंय, दिसतंय, वासही येतोय. बंद करून परत चालू करा.”

युक्ती तिथेच आडवी झाली. लाँड्रीवाल्याने किल्ली फिरवली, म्हातारी गप्प झाली. पुन्हा फिरवली, टक् आवाज आला. आणखी एकदा, टक्. हॉस्पिटल, लाँड्री, नवा टेम्पो, सगळं त्या ‘टक्’मध्ये अडकलं होतं, आणि फुकट मिळणारा स्टार्टर नाकारणारा शहाणा तोच होता.

मागून फळी वाजली. थोरला खाली उतरला होता आणि त्याने तळवे लावले होते.

“थांबा!” बाई म्हणाल्या. “असं नाही चालणार. गाडी स्वतःच्या बळावर चालू झाली पाहिजे.”

ते शब्द ऐकून लाँड्रीवाल्याचे कान तापले. थोरल्यालाही ते आठवले असणार, कारण तो क्षणभर तसाच वाकून राहिला. मग सरळ झाला, आणि जे कुलूप गल्लीत कुणी उघडलेलं पाहिलं नव्हतं ते उघडलं.

“मॅडम, मी याचा सख्खा भाऊ. एका आईचे आम्ही. मग हे बळ परक्याचं कसं? हे त्याचं स्वतःचंच.”

बाईंनी आधी थोरल्याकडे पाहिलं, मग स्टिअरिंगमागच्या धाकट्याकडे. नाक, कान, हट्टी हनुवटी, सगळं एकाच साच्यातलं. त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी कामाच्या चेहऱ्याखाली ढकललं.

“नियमात भावाचं काही लिहिलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “मला इंजिन जिवंत आहे की नाही एवढंच बघायचंय. ढकला. पण त्या पांढऱ्या रेषेपासून शेडपर्यंत ती एकटी गेली पाहिजे.”

थोरल्याने असा जोर लावला की मानेच्या शिरा फुगल्या. म्हातारी खाकरली, थरथरली, रेषा ओलांडून धडधडत शेडपर्यंत गेली. बाईंनी सही केली. लाँड्रीवाल्याचा जीव भांड्यात पडला, आणि म्हातारीची किल्ली काढताना त्याचे डोळे भरून आले. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, असं लोक म्हणतात. त्याला होतं.

परतताना दोघे बसमध्ये एकाच बाकावर बसले. थोरला खिडकीबाहेर बघत होता, धाकटा तिकिटाची सुरळी करत होता. मॅडमशी बोलला, माझ्याशी नाही, असं धाकट्याच्या मनात आलं. आणि आता तर धक्क्याचंही काम उरलं नाही. अनुदान मिळालं आणि भाऊ होता तेवढाही गेला, असं वाटून त्याला रडू कोसळायचंच बाकी होतं.

नवा टेम्पो आला. पांढरा, चकचकीत. पहिल्या सकाळी त्यात चादरी चढवून लाँड्रीवाला आत बसला. समोर एक बटण होतं. ते दाबलं की काम झालं, आवाज नाही, धूर नाही. त्याने बोट बटणापर्यंत नेलं आणि मागे घेतलं. मग हँडब्रेक काढला आणि दार धाडकन आपटलं.

शेजारी कानस थांबली. थोरला दारात आला. टेम्पोकडे पाहत उभा राहिला. बॅटरीवरची गाडी धक्क्याने सुरू होत नाही, हे गावातली कुलपं उघडणाऱ्या माणसाला कळत नव्हतं असं थोडंच होतं? तरी तो मागे गेला, तळवे लावले आणि ढकलू लागला.

“अहो, बटण दाबा ना!” बायको वरच्या खिडकीतून ओरडली, आणि मग तिचं तिलाच कळून ती आत गेली.

टेम्पो आवाज न करता घरंगळत कोपऱ्यापर्यंत गेला. इंजिन नव्हतं, त्यामुळे लाँड्रीवाल्याला आज पहिल्यांदाच मागचा श्वास ऐकू आला. धाप लागलेला, म्हातारा होत चाललेला श्वास. इतकी वर्षं तो धडधडीखाली दबून गेला होता. त्याने ब्रेक लावला आणि डावीकडचं दार उघडलं.

“दादा,” तो म्हणाला. “बस.”

थोरला तळवे पुसत पुढे आला. आत डोकावून बटणं पाहिली, सीट दाबून पाहिली, सवयीने एका चाकाला हलकीच लाथ घातली.

“ही रस्त्यात उभी करणार नाही ना तुला?”

“केलीच तर तू आहेस की,” धाकटा म्हणाला.

“आहे,” थोरला म्हणाला आणि आत बसला.