दर्यापूरचा फलक आणि शोभाताई

शोभाताई तायडे यांची पहिली भेट झाली तेव्हा त्यांच्या हातात कॅमेरा होता आणि मी त्याच्यासमोर घाबरून बसलो होतो. अमरावतीच्या आमच्या समुदाय महाविद्यालयात, ज्याला सगळे कम्युनिटी कॉलेज म्हणतात, तिथे मोटार रिवाइंडिंगचा, म्हणजे जळालेल्या विजेच्या मोटारीत नवी तार भरण्याचा, शिक्षक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. ओळखपत्राच्या फोटोसाठी मला जिन्याखालच्या छोट्या खोलीत पाठवण्यात आले. मी खुर्चीत ताठ बसलो. ताईंनी कॅमेरा उचलला आणि सहज विचारले, जळालेली मोटार उघडल्याबरोबर कशी ओळखता? मी सांगायला लागलो. वॉर्निशचा जळका वास, काळी पडलेली तार, असे हातवारे करून सांगत होतो तोच त्यांनी फोटो काढूनही टाकला. ओळखपत्रावर तोंड उघडे असलेल्या माणसाचा फोटो चालेल का, असे मी दबकत विचारले. ताई म्हणाल्या, "तुमचे विद्यार्थी तुमाले असेच पाहणार आहेत ना सर? मंग?"

आमच्या महाविद्यालयाच्या ग्राफिक डिझायनर शोभाताई आता वयाची साठ वर्षे पूर्ण करून निवृत्त होत आहेत. या गौरवग्रंथासाठी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी बिचकलो. तांब्याची तार गुंडाळण्यात माझे आयुष्य गेले, लेख लिहिण्याची सवय नाही. पण ताईंबद्दल जे मी डोळ्यांनी पाहिले ते दुसरे कोणी सांगू शकणार नाही, म्हणून लिहायला बसलो.

ताई मूळच्या अकोल्याच्या. त्यांचे वडील कापसाच्या प्रेसिंग फॅक्टरीत होते. गाठींवर व्यापाऱ्याची खूण उमटवण्यासाठी पत्र्यात कोरलेली अक्षरे वापरत, ती सांभाळण्याचे काम त्यांच्याकडे होते. शाळेत जायच्या आधीच ताईंनी त्या पत्र्यांवरून बोट फिरवत अक्षरे ओळखली. पुढे वस्तीत जयंतीच्या मिरवणुकीचे निळे फलक रंगवायचे काम त्यांच्याकडे आपोआप आले. चित्रकलेचे शिक्षण, मग अकोल्यातच छापखान्यातली नोकरी आणि तिथून आमचे महाविद्यालय, असा त्यांचा प्रवास. वडिलांविषयी त्या फार बोलत नाहीत. मात्र एखाद्या विद्यार्थ्याने अक्षर वाकडे काढले तर त्याचे बोट धरून ते अक्षर हवेत गिरवून घेतात, तेव्हा ही रीत घरातून आलेली आहे हे कळते.

महाविद्यालयाची माहितीपुस्तिका, प्रमाणपत्रे, वर्गांच्या पाट्या, मेळाव्यांचे फलक, सगळे त्यांच्या हातचे. नवीन फलक तयार झाला की ताई त्याची प्रत व्हरांड्याच्या टोकाला चिकटवत आणि दुसऱ्या टोकाला उभ्या राहून जो कोणी येईल त्याला वाचायला लावत. कार्यालयात दाखला काढायला आलेले पालक असोत की पाण्याचे कॅन आणणारे गृहस्थ, कोणीही अडखळले की फलक पुन्हा संगणकावर जाई. प्राचार्य कधी कधी वैतागत. ताई शांतपणे सांगत की, बसमधून जाणाऱ्याला वाचायला एवढाच वेळ मिळतो.

शब्दांच्या बाबतीतही त्या तशाच काटेकोर. एकदा शिवणकामाच्या वर्गाच्या जाहिरातीत 'गरीब व गरजू महिलांसाठी' असे छापून हवे होते. मजकूर वरून आलेला होता. ताईंनी तो तसा लावायला नकार दिला. सभेत त्या एवढेच म्हणाल्या, "मी वीस वर्षांची असताना ही पाटी वाचली असती, तर दारातूनच परत गेली असती." जाहिरातीत 'शिवणकाम शिकू इच्छिणाऱ्या सर्वांसाठी' असे छापले गेले आणि तेव्हापासून आमच्या कोणत्याही कागदावर ते जुने शब्द आलेले नाहीत.

आता दर्यापूरच्या फलकाची गोष्ट सांगतो. तिच्यासाठीच खरे तर हा लेख आहे.

माझ्या वर्गाला विद्यार्थी कमी मिळू लागले होते. यंदाही असेच राहिले तर मोटार रिवाइंडिंगचा अभ्यासक्रम बंद करू, असे व्यवस्थापनाने स्पष्ट कळवले होते. ताईंच्या कानावर हे गेले तशा त्या आमच्या कार्यशाळेत येऊन बसू लागल्या. तोपर्यंत अशा जाहिरातींत इंटरनेटवरून घेतलेली, पिवळी टोपी घातलेली, गोरीपान हसरी माणसे असत. ताईंना ती नको होती. माझ्या वर्गात वर्षा नावाची एक विवाहित मुलगी होती, दर्यापूरजवळच्या शेतकरी घरातली सून. मोटारीच्या खाचांमध्ये ती तार बसवत होती, चेहऱ्यावर घाम होता, आणि कोणीतरी काही बोलले म्हणून तिने हसून वर पाहिले. ताईंनी तोच क्षण टिपला. मग तिला फोटो दाखवून, तो कुठे लागणार हे सांगून विचारले. वर्षा आनंदाने हो म्हणाली. 'मोटार जळली? आम्ही भरतो. तुम्हीही शिका.' एवढ्याच मजकुराचा मोठा फलक दर्यापूरच्या बस स्टँडजवळ लागला.

फलक लागला आणि काही दिवसांतच वर्षा वर्गात यायची थांबली. तिच्या सासऱ्यांचा प्राचार्यांना फोन आला की फोटो उतरवा. प्राचार्यांचे म्हणणे, मुलगी सज्ञान आहे, तिने होकार दिलेला आहे, आणि प्रवेशाचे दिवस आहेत, फलक राहू द्या. मलाही तेच वाटत होते. माझा वर्ग त्या फलकावर टिकून होता. ताई मात्र म्हणाल्या की तिला पुन्हा विचारल्याशिवाय काही ठरवायचे नाही. आम्ही दोघे दर्यापूरला गेलो आणि तिथून प्रवासी जीपने त्यांच्या गावी पोचलो.

वर्षाचे सासरे भले गृहस्थ होते. त्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला. मग म्हणाले, "मॅडम, तुमी वाईट केलं असं मी म्हनत नाही. पन मी स्टँडवर गेलो की चार लोक विचारून राहिले, तुमच्या घरची बाई इथी काहून टांगली? मी काय सांगू त्याईले?"

ताईंनी वाद घातला नाही. वर्षाशी दोन शब्द बोलू का, असे त्यांनी विचारले आणि सासऱ्यांनी मान हलवली. अंगणात कडुनिंबाखाली वर्षा उभी होती. मी थोडा बाजूला होतो, पण तिचे बोलणे मला ऐकू आले. "फोटो मले लय आवडला ताई. पन त्याच्यापायी माहं शिकनं बंद होऊन राहिलं."

"मंग फोटो उतरवू," ताई म्हणाल्या. "शिकनं नाही उतरवायचं."

आत येऊन त्यांनी सासऱ्यांना सांगितले की फलक आजच निघेल, त्याच्या बदल्यात तुमच्याकडून काही नको. मात्र सून तिथे काय करते ते एकदा येऊन पहा, एवढी विनंती आहे. कोपऱ्यात वर्षाची सासू अनुसयाबाई बसल्या होत्या. ताई हे बोलल्या तेव्हा त्यांनी मान वर करून पाहिले.

परत येताना बस स्टँडवर आम्ही फलक उतरवून घेतला. येणारे-जाणारे थांबून पाहत होते. भर बाजारात ताईंनी आणि मी तो एवढा मोठा फलक दोन टोकांना धरून घडी केला. माझा वर्ग गेला, असे मी म्हणालोही. ताईंनी घडी काखेत मारली. "सर, कोर्स वर्षासाठी आहे. वर्षा कोर्ससाठी नाही." मला तेव्हा ते पटले नाही, हे खरे.

पुढच्याच आठवड्यात महाविद्यालयाच्या फाटकाशी एक ऑटो थांबला. त्यातून वर्षा उतरली, पाठोपाठ अनुसयाबाई, आणि शेवटी दोघा-तिघांनी मिळून उतरवली ती त्यांच्या विहिरीवरची जळालेली मोटार. सासऱ्यांनी पाठवली होती. सून शिकते आहे तर करून दाखवू दे, असे त्यांचे म्हणणे. मी हात न लावता बाजूला उभा राहिलो. वर्षाने जुनी तार काढली, खाचा साफ केल्या, नवीन वेटोळी बसवायला घेतली. काम एका दिवसात होण्यासारखे नव्हते, म्हणून दोघी रोज येऊ लागल्या. सुरुवातीला भिंतीशी बसणाऱ्या अनुसयाबाई हळूहळू जवळ सरकल्या. मग तारेचे रीळ त्यांनी स्वतःच मांडीवर घेतले आणि सुनेला लागेल तशी तार सोडू लागल्या. मोटार जोडून मी बटण दाबायला वर्षाला सांगितले, आणि मोटार एकसारखा आवाज करत फिरू लागली तेव्हा अनुसयाबाई मोठ्याने हसल्या. वर्षाच्या डोळ्यांत पाणी होते.

ताईंनी त्या वेळचा फोटो काढला. पण तो कुठेही लावला नाही. चांगल्या कागदावर छापून, चौकट करून अनुसयाबाईंच्या हातात दिला.

प्रवेश संपायला थोडेच दिवस उरले असताना सासऱ्यांचा फोन आला, या वेळी थेट ताईंना. फोटो त्यांनी घरच्या बैठकीत लावला होता. येणारा प्रत्येक जण विचारत होता, आणि तेच उत्साहाने सगळी हकिकत सांगत होते. "मॅडम, हा लावता काय स्टँडवर? दोघीबी आहेत त्याच्यात. आता कोनी काही म्हनो." ताईंनी लगेच हो म्हटले नाही. आधी वर्षाला, मग अनुसयाबाईंना, वेगवेगळे विचारले. अनुसयाबाईंनी छापायच्या आधी फलक पाहायला मागितला आणि पदर जरा नीट दिसू द्या, अशी दुरुस्ती सुचवली. ती ताईंनी केली.

तो फलक लागला आणि माझा वर्ग भरला. आलेल्यांमध्ये मुली होत्या, दोन सासवाही चौकशी करून गेल्या. अभ्यासक्रम बंद करण्याची भाषा त्यानंतर कोणी केली नाही. वर्षाचे आज दर्यापुरात मोटारी भरण्याचे दुकान आहे. गल्ल्यावर अनुसयाबाई बसतात आणि गिऱ्हाईकाने घाई केली तर त्याला थांबायला सांगतात.

ताईंच्या मायेचा एक अनुभव माझा स्वतःचाही आहे. ताईंनी माझ्या वर्गासाठी केलेल्या तक्त्याची छपाईआधीची प्रत मी खिडकीपाशी नेऊन, हात लांब करून वाचत होतो. ताई ते पाहून म्हणाल्या, "सर, अक्षर बरोबर आहे. तुमी डोळे दाखवून घ्या." मी टाळाटाळ केली तर त्यांनी माझ्या पत्नीला फोन केला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवले आणि साखर वाढल्याचे निघाले. वेळीच कळले म्हणून आज मी धड आहे. उपचार चालू होते त्या काळात माझ्या वर्गातले सगळे तक्ते ताईंनी मोठ्या अक्षरांत बदलून लावले.

निवृत्तीनंतर ताई अकोल्याला राहायला जाणार आहेत. घराच्या पुढच्या खोलीत मराठी अक्षरलेखनाचा वर्ग काढायचा त्यांचा बेत आहे, आणि पहिली नावनोंदणी कोणाची व्हावी? आमच्या प्राचार्यांची. त्यांना आपली सही आवडत नाही म्हणे.

या लेखात काय शुभेच्छा देऊ, असे मी त्यांनाच विचारले. त्या म्हणाल्या, "गुडघे शाबूत राहो, एवढं लिहा. बाकीचं मी पाहून घेईन." ताईंचे ऐकून मी तेवढेच लिहीत आहे, पण थोडे वाढवून. ताई, तुमचे गुडघे शाबूत राहोत, तुमचा हात स्थिर राहो, आणि वऱ्हाडातल्या गावोगावच्या मुलींना स्वतःचा चेहरा मोठ्या फलकावर पाहावासा वाटेल, इतकी निरोगी वर्षे तुम्हाला लाभोत. आम्ही व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभे आहोत. तुम्ही लिहीत राहा, आम्हाला इथून स्वच्छ दिसते आहे.