श्रेयनामावलीत नसलेला

लिफ्टमध्ये शिरला की तो दोन बोटांनी भिंतीवर ठेका धरायचा. फोन उचलला की आधी पलीकडचा पंखा ऐकायचा, मग 'बोल' म्हणायचा. चहा ओतताना नजर दुसरीकडेच असायची. कप भरत आला हे त्याला आवाजावरून कळायचं. कुणी गात असेल तर मध्येच उठून जायचा नाही, मग गाणं कितीही बेसूर असो. हसताना तोंडावर हात घ्यायचा. पुढचा एक दात पडला होता आणि तो बसवून घ्यायचं राहून जात होतं.

ठेक्यापायी गल्लीनं त्याचा 'ठेकेदार' करून टाकला. एकदा एक बाई त्याला बांधकामाचा ठेकेदार समजून, छप्पर गळतंय म्हणून दुकानात आल्या. तो शिडी घेऊन गेला आणि गळती काढून आला.

दुकान स्पीकर दुरुस्तीचं होतं. मागच्या खोलीत तो संगीत करायचा आणि सिनेमे काढायचा.

एक मुलगी त्याच्याकडे पहिल्यांदा आली ती हेडफोनची तुटलेली वायर घेऊन. साहित्यात एम.ए. आहे हे कळल्यावर त्यानं तिला संवाद लिहायला बसवलं. पुढे तिला नावानं कधी हाक मारलीच नाही. "काय एम.ए., आज कोरडीच आलीस? काही लिहिलं नाहीस?" ती त्याला दादा म्हणायची. तिला नोकरी लागली ती चरित्रकोशाच्या कार्यालयात. जिवंत माणसाची नोंद घ्यायची नाही, असा त्या कोशाचा नियम होता. हे ऐकून तो तोंडावर हात धरून बराच वेळ हसला होता. "म्हणजे तुमच्यात यायचं तर आधी जायला पाहिजे. थांबतो मग. मला घाई नाही."

मंगळवारी दुपारी तो वायरींचा गुंता सोडवत स्टुलावर बसला होता. मान खाली गेली. गिऱ्हाईक म्हणालं, "ओ ठेकेदार, दुकान उघडं टाकून झोपता काय?"

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. घरी बसून काय करायचं ते सुचलं नाही. रडू आलं नव्हतं. टेबलावर कला खंडाची मुद्रितं होती, ती तिनं तपासली आणि चुका बरोबर काढल्या. मग संपादकबाईंच्या खोलीत जाऊन म्हणाली, "बाई, एक नोंद सुचवायची आहे."

बाईंनी चष्मा काढला. "तुझे ते ठेकेदार?"

"हो."

"खंड महिनाअखेर छापायला जातोय. त्यांच्यावर कुणी काही लिहिलंय?"

"मी लिहिलंय."

"तुझं चालणार नाही, हे तुलाच माहीत आहे. काम दाखव. काम त्यांचंच आहे हेही दिसायला हवं. तज्ज्ञांना बोलावते."

संगीताचे तज्ज्ञ आले. निवृत्त गृहस्थ, बोलायला तिखट. बैठकीच्या खोलीत पडदे ओढले आणि तिनं त्याचे सिनेमे लावले. तज्ज्ञ आधी घड्याळाकडे बघत होते, मग बघेनासे झाले. एका जागी त्यांनी हात वर केला. "हे परत लावा." तिनं लावलं. "चांगलं आहे हो," ते म्हणाले. "फारच चांगलं आहे. कुणाचं?"

तेवढ्यात श्रेयनामावली सुरू झाली. दिग्दर्शनापुढे त्याच्या मेव्हण्याचं नाव. छायाचित्रणापुढे दूधवाल्याचं. ध्वनीपुढे त्याच्या आईचं, ती जाऊन कैक वर्षं झाली होती. संगीतापुढे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचं. वेशभूषेपुढे तिचं स्वतःचं. तिला शर्टाचं बटणही धड लावता येत नव्हतं.

"यात तुमचे ठेकेदार कुठे आहेत?"

"शेवटी. आभारात."

"आभारात पाण्याच्या टँकरवाल्याचंही नाव आहे," तज्ज्ञ म्हणाले. "त्याचीही नोंद घ्यायची का?"

तिनं सांगितलं. संवाद सोडले तर सगळी कामं तो एकटाच करायचा. एकच नाव पाच ठिकाणी आलं की लोकांना वाटतं, या माणसाला सोबत करायला कुणी नाही, असं म्हणायचा. म्हणून श्रेय माणसांत वाटून टाकायचा. सगळ्याच सिनेमांत.

"हे तू सांगतेस," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पडदा वेगळं सांगतो. त्या इस्त्रीवाल्याकडून दोन ओळी लिहून आण. संगीत माझं नाही, एवढंच. मग मी बघते."

इस्त्रीवाला शर्टाची कॉलर दाबत होता. तिनं काम सांगितलं. त्यानं इस्त्री उभी केली.

"ताई, मला सा कळत नाही की रे कळत नाही. हे त्यांना मी तेव्हाच बोललो. तर म्हणाले, तुमच्या इस्त्रीचा आवाज घेतलाय मी दोन ठिकाणी, म्हणजे तुम्ही आत आहातच."

"मग तेवढंच लिहून द्या. बाकीचं त्यांचं म्हणून."

त्यानं शर्टाची घडी घातली, ती मोडली, परत घातली.

"नातवाच्या शाळेत दाखवला ना तो सिनेमा. माझं नाव आलं तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून तो मला गाणंवाले आजोबा म्हणतो. आता मी सही करून सांगू, आजोबा खोटे?" त्यानं कागदासाठी हात पुढे केला. "लिहून देतो. ठेकेदारांसाठी देतो. पण एक सांगा. ते असते, तर त्यांनी मला हे लिहायला लावलं असतं का?"

तिच्या हातात कोरा कागद होता. तो तिनं पिशवीत परत ठेवला.

"नसतं लावलं," ती म्हणाली.

"मग बसा. चहा घ्या."

तिनं चहा घेतला. चव लागली नाही.

त्याच्या बहिणीनं मागची खोली उघडून दिली. "काय हवं ते ने बाई. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. आमच्या ह्यांना तर लोक अजून दिग्दर्शक म्हणून नमस्कार करतात. हेही सोकावलेत." ती हसली आणि लगेच डोळे पुसून बाहेर गेली.

संगणकात शेवटचा सिनेमा होता. त्याला अजून श्रेयनामावली नव्हती, त्यामुळे कुणाचंही नाव नव्हतं. चित्रं जोडून झाली होती. संगीत अर्धं झालं होतं आणि त्याच्यावर त्याचा आवाज होता, स्वतःशीच बोलणारा. "इथे बासरी. नको, फार गोड होईल. नुसता श्वास ठेवू." मग तो स्वतःच फुंकर घालून दाखवत होता.

तिनं ते तसंच बैठकीत लावलं. तज्ज्ञ डोळे मिटून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "करणारा हाच आहे. माझी खात्री पटली."

बाईंनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. "माझीही पटली. पण हे अप्रकाशित आहे आणि पुरं झालेलं नाही. जे लोकांसमोर आलंय त्यावर दुसऱ्यांची नावं आहेत. मी काय छापू?" मग तिच्याकडे बघून म्हणाल्या, "त्या इस्त्रीवाल्यानं सही करून दिली असती तर..."

"मी मागितली नाही."

"का?"

"नाही मागितली, बाई."

 निर्णय लिहायचं काम तिचंच होतं. 'नोंद नाही' असं लिहून तिनं तारीख घातली. अक्षर नेहमीसारखं आलं. मग ती पुढच्या नावाकडे वळली.

संध्याकाळी ती दुकानात गेली. मागच्या खोलीत बसून सिनेमाचा राहिलेला भाग लावला. एक बाई अंगणातून खुर्ची उचलून आणते. भिंतीशी ठेवते. पसंत पडत नाही, म्हणून थोडी सरकवते. मग बसते आणि समोर बघते. या जागी त्याला काय वाजवायचं होतं ते त्यानं बोलून ठेवलेलं नाही. खुर्ची सरकते त्याचाही आवाज नाही, तो नंतर भरायचा होता. बाई बसलेली आहे. चित्र पुढे चालू राहतं, आणि मग संपतं.