वासितीचा पाय

माझी नणंद वासिती वादळाला कधी भ्यायली नाही. नवरा समुद्रात बुडाला तेव्हाही खचली नाही. तिला भीती होती ती आरोग्य खात्याच्या बोटीची. त्याच बोटीतून तिचा दीर शुगरसाठी राजधानीत, सुवाच्या इस्पितळात गेला आणि एक पाय तिथंच ठेवून आला.

खात्यानं आमच्या बेटावर आरोग्यसेवक नेमला तो माझा नवरा, इसिकेली. इंग्रजी लिहिता येणारा, दारू न पिणारा. सुवाच्या साहेबांना आणखी काय हवं? आमच्यात भाऊ वयात आला की बहिणीशी बोलत नाही, तिच्या घरात शिरत नाही, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आणि गावातल्या निम्म्या बायका नात्यानं त्याच्या बहिणी! त्यांचे ताप, खोकले, गोळ्या, सगळं माझ्या तोंडून जायचं-यायचं. खात्याचा टी-शर्ट मात्र त्याच्या अंगात.

वासिती लंगडायला लागली तेव्हाही मीच विचारलं.

"वन्सं, पायाला काय झालं?"

"खेकडा चावला. तुझ्यासारखाच चावरा होता मेला."

नणंद-भावजयींनी एकमेकींना टोचून बोलायचं ही आमची रीतच. "मग तुमचं रक्त पिऊन मेलाच असेल बिचारा," म्हटलं आणि कसावाचे कंद सोलत बसले. पायाचा विषय टळला, तिला हेच हवं होतं.

पुढं चर्चमध्ये वास यायला लागला. मला वाटलं, कुणाच्या तरी टोपलीत मासा राहिला असेल. इसिकेलीचा चेहरा मात्र राखेसारखा झाला. घरी येऊन म्हणाला, "पाय सडतोय तिचा. ट्रेनिंगमध्ये शिकवलंय मला. जा, सांग तिला, बोट आज येतेय."

मी धावत गेले. तिनं आतून कडी घातली होती.

"मला काही झालेलं नाही! त्यांना सांग, मळ्यात गेलीय म्हणून!" आवाज तापानं कापत होता. बोटीचं इंजिन ऐकू यायला लागलं होतं, आणि ओहोटी लागली की बोट थांबत नाही. मी दार बडवलं, रडले, शिव्या घातल्या.

तेवढ्यात इसिकेली माझ्यामागं आला. दाराकडं पाठ करून उभा राहिला. लग्न झाल्यापासून मी त्याला तिचं नावसुद्धा घेताना ऐकलं नव्हतं.

"ताई," तो म्हणाला, "दार उघड. पाय दाखव."

आतला आरडाओरडा एकदम थांबला. मग कडी निघाली. वासिती खाली बसली होती, पानांत गुंडाळलेला पाय पुढं करून, पांढरीफटक. भावाकडं न बघता तिनं मला विचारलं, "तारुसिला, हा बोलला म्हणजे मी मरणार ना गं?"

त्यानं तिला पाठुंगळी घेऊन बोट गाठली. गावानं तोंडं फिरवली. लाजेनं की दयेनं, देव जाणे. बोटीवरच्या सिस्टरनं पानं सोडून पाहिलं, आणि तांडेलाला एवढंच म्हणाली, "निघा. लगेच."

वासिती परत आली. पाय आहे, दोन बोटं नाहीत. शुगरच्या गोळ्या न चुकता घेते. भाऊ-बहीण पुन्हा कधी बोलले नाहीत. पण त्याची पावलं दारासमोर जराशी रेंगाळली की ती अजून श्वास धरून बसते. तो पुढं गेला की मला म्हणते, "नाही बोलला गं. म्हणजे मी बरी आहे."