चारा छावणीतला अंतिम सामना

तमाम नातेवाईक, शेजारी आणि आमच्या महिला मंडळाच्या सदस्या यांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, जिने लहानपणी लंगडीतसुद्धा कधी कोणाला बाद केले नाही अशी प्रस्तुत लेखिका, ऐन पन्नाशीत, बीड शहरातील मुलींच्या एका व्हॉलीबॉल क्लबची संघ व्यवस्थापक झाली. एका दिवसापुरती झाली, पण झाली. कृपया हारतुरे आणू नयेत. दुष्काळ आहे.

त्याचं असं झालं. मी बीडला बहिणीकडे चार दिवस गेले होते. भाची मधुराचा क्लब जिल्ह्याच्या अंतिम फेरीत पोचला होता आणि जिंकणारा संघ विभागीय स्पर्धेला जाणार होता. मुलींबरोबर एक बाईमाणूस लागतं. त्यांच्या मॅडम तापाने आडव्या. प्रशिक्षक सोनवणे सर घरी आले, चहा प्यायले आणि घरात कोण बाई रिकामी बसलीय ते त्यांनी हेरलं.

"ताई, तुम्हाला काहीच करायचं नाही. फक्त बसायचं."

एवढ्या तयारीनिशी मी आजवर कुठलंच पद स्वीकारलेलं नाही.

सकाळी जीप निघाली. गाव संपलं तसा हिरवा रंगही संपला. नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती आणि मोसंबीच्या बागा खराट्यासारख्या उभ्या होत्या. लिंबागणेशला सरांनी जीप थांबवली आणि गणपतीपुढे नारळ फोडला. फुलं विकणाऱ्या बाईने विचारलं, "कुणासंगं म्याच हाय?"

"छावणीच्या मुलींशी," सर म्हणाले.

"आगं बया! मंग नारळ वायाच गेला की वो."

सरांनी फुटलेल्या नारळाकडे एकदा पाहिलं आणि जीप काढायला लावली.

छावणी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर सैनिक आले होते. निघाल्या म्हशी. (दुष्काळात गावोगावची जनावरं एका माळावर आणतात, तिथेच त्यांना चारा-पाणी मिळतं, आणि माणसंही जनावरांपाशी मुक्काम करतात. ती छावणी.) ही छावणी एका सहकारी दूध संस्थेने चालवली होती, आणि अंतिम सामन्याचं यजमानपदही तिनेच घेतलं होतं. नजर जाईल तिथवर शेडनेटच्या सावल्या, त्यांखाली गाई-बैल, बाजा, चुली, वाळत घातलेली लुगडी. आणि या सगळ्याच्या मधोमध, शेणाने सारवल्यासारखं गुळगुळीत, चुन्याने आखलेलं व्हॉलीबॉलचं मैदान! जाळीच्या एका खांबाशेजारी तांबूस कालवड बांधली होती. ती आमच्याकडे अशी बघत होती, जणू ओळखपत्रं तपासायची जबाबदारी तिच्यावर होती.

आमच्या मुली निळ्या गणवेशात उतरल्या. समोरच्या संघाकडे गणवेश असा नव्हता. पांढरा शर्ट एवढं एकमत होतं. त्यांची कॅप्टन शिवकन्या नावाची उंच, सडपातळ पोरगी. ती आली ती थेट माझ्याकडेच.

"मावशी, आदी जेवून घ्या. उपाशी पाव्हण्यांना हरवल्यावर आमाला पाप लागंल."

बाजेवर बसून ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची झणझणीत आमटी) जेवले. डोळ्यांतून पाणी आलं. त्या तालुक्यात त्या दिवशी तेवढंच पाणी मुबलक असावं. वाढायला शिवकन्येचे आजोबा होते. सगळी छावणी त्यांना नाना म्हणायची. त्यांचे गुडघे गेलेले, म्हणून जनावरं सांभाळायला नात सोबत आली होती.

"टीम छान जमवलीय हो तुम्ही," मी म्हटलं.

"आमी कशाला जमवतो? दुष्काळानं जमवली. ह्या लेकी सात गावच्या हायेत. कोण कुणाला वळखत नव्हतं. सांजच्याला जनावरं बांधली की करायचं काय? मास्तर येक जाळी घिऊन आला, लागल्या उड्या मारायला."

"आणि छावणी उठल्यावर?"

नानांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. "पाऊस पडला की छावणी उठली. जो तो आपल्या गावाला. येवढ्या लांबून कोण येतंय मंग चेंडू मारायला? आज हारल्या तर ही शेवटची म्याच. जितल्या तर आणखी येक, विभागाची. पंधरा दिसांनी."

मी भाकरी मोडायची थांबले. शिवकन्या पलीकडे हाताच्या बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळत होती. तिने ऐकलं होतं, पण मान वर केली नाही.

पंच म्हणून केजहून एसटीने शेख सर आले होते, शाळेतले खेळाचे शिक्षक. त्यांनी दोन्ही संघांना रांगेत उभं केलं, घड्याळ पाहिलं आणि पहिल्या सर्व्हिससाठी शिट्टी फुंकली.

अख्खी छावणी उभी राहिली. माणसं नव्हेत, जनावरं! शेकडो गळ्यांतून एकच हंबरडा फुटला. खुंटे हलले, दावी ताणली, म्हातारे काठ्या घेऊन धावले. आमच्या मुलींनी किंकाळ्या फोडल्या. त्यात एक माझी होती.

दूध संस्थेचे चेअरमन धापा टाकत आले. "ओ सर! शिट्टी कावून मारता? आमी चारा वाटायला शिट्टी मारतो. त्यांना वाटलं आला चारा!"

"मग मी खेळवू कसं? तोंडाने?"

शेवटी नानांचं पितळी ताट आणि पळी मागवण्यात आली. टण् म्हणजे सुरू, टण् म्हणजे थांबा. जनावरं खाली बसली.

आणि सामना असा रंगला म्हणता! आमच्या मुली शिकवलेलं खेळत होत्या, सुबक आणि नेमकं. छावणीच्या पोरी दिसेल त्या चेंडूवर झेपावत होत्या, कोपर फुटलं तरी उठून हसत होत्या. एक सेट आम्ही घेतला, एक त्यांनी. मधुराने चेंडू मारला की मी ओरडायचे, शिवकन्येने उचलला तरी ओरडायचे. सर म्हणाले, "ताई, तुम्ही नक्की कोणाच्या व्यवस्थापक?" मी म्हटलं, मला फक्त बसायचंच सांगितलं होतं.

निर्णायक सेटमध्ये आम्ही पुढे गेलो. एक गुण, आणि कप आमचा. टण्! चेंडू जाळीवरून चार वेळा गेला-आला. मधुराने उंच उडी मारून तो पलीकडे टोलवला, आणि नेमकी तेव्हाच खरी शिट्टी वाजली. चेअरमननी चारा काढला होता. तिथे वेळेला आपल्या जनावरापाशी माणूस हजर नसेल तर चारा मिळत नाही. पोरींची डोकी काही म्हणण्याआधी पायच वळले. चेंडू रिकाम्या मैदानावर पडला.

"गुण! सामना संपला!" सोनवणे सर नाचले.

"थांबा," शेख सर म्हणाले. "शिट्टी वाजलीय."

"आज शिट्टीला किंमत नाही! ताट वाजलं का? नाही ना?"

शेख सरांचा चेहरा पडला. मुद्दा बिनतोड होता. शिवकन्या अर्ध्या वाटेत उभी होती. एकीकडे जनावरं, एकीकडे मैदान, आणि कुठे जावं ते तिला कळेना. तेवढ्यात शेख सरांनी पळी उचलून मैदानाच्या कोपऱ्याकडे दाखवली. तांबूस कालवड रेषेच्या आत उभी राहून चुना हुंगत होती.

"चेंडू पडायच्या आधीच ही आत आली, मी पाहिलंय. बाहेरची वस्तू मैदानात आली की गुण रद्द. पुन्हा खेळायचं."

"वस्तू? अहो, ती गाय आहे!"

"मग खेळाडू आहे का, सांगा."

दावं तुटलं की सुटलं याची चौकशी झाली नाही. नाना आभाळाकडे बघत होते आणि मी नानांकडे बघत नव्हते.

चारा वाटून होईपर्यंत खेळ थांबला. आमच्या मुली जरा वेळ फुरंगटून बसल्या. मग मधुरा उठली आणि शिवकन्येबरोबर वाढ्यांच्या (उसाच्या शेंड्यांच्या) पेंढ्या उचलू लागली. मागून बाकीच्या गेल्या. परत आल्या तेव्हा निळे गणवेश कुसळांनी भरले होते.

मग तो एक गुण पुन्हा खेळला गेला. तो त्यांनी घेतला. पुढचाही घेतला. त्यानंतर आमच्या मुलींचं काही चाललं नाही. शेवटचं ताट वाजलं तेव्हा छावणीच्या पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या, मधुरा माझ्या खांद्यावर रडत होती, आणि मी दोन्ही संघांच्या वतीने नाक पुसत होते.

निघताना जीपमध्ये बसले आणि विचार आला, दुष्काळाने काय काय नेलं ते सगळेच सांगतात. इथे त्याने सात गावच्या पोरींना काहीतरी दिलंही होतं, आणि ते परत घ्यायलाही तो मोकळा होता. हे कोणाला सांगावं? सांगणाऱ्यालाच लाज वाटावी असं ते.

इतक्यात छावणीभर गलका झाला. पश्चिमेला एक ढग आला होता, चांगला काळाभोर. चुली सोडून बाया बाहेर आल्या, म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या, नानांनी गुडघे विसरून दोन्ही हात जोडले. सगळा माळ चिडीचूप झाला. आणि त्या शांततेत, कपाला छातीशी धरून उभी असलेली शिवकन्या आभाळाकडे बघत खच्चून ओरडली,

"आरं पड की, पर पंधरा दीस थांबून पड ना रं!"